सहा तारा, तीन स्वर : गिटारची कॉर्ड बनते कशी?

तीन महिने गिटारच्या क्लासला जाणारी माझी भाची परवा घरी आली, तेव्हा तिच्या पिशवीत कॉर्डच्या आकृत्यांचा झेरॉक्स गठ्ठा होता. पानापानावर चौकटी आणि चौकटींत काळे ठिपके. "मावशी, हे सगळं पाठ करायचंय," ती म्हणाली. मी विचारलं, "सी मेजरमध्ये स्वर कोणते असतात?" तिनं बोटं अचूक ठेवली, कॉर्ड स्वच्छ वाजवून दाखवली. स्वरांची नावं मात्र तिला कुणी सांगितलीच नव्हती. मी पेटी पुढे ओढली, भाता उघडला, पांढरी एकचा सा धरला आणि सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबल्या.

"अगं, ही तर सी मेजर!"

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी तो गठ्ठा बाजूला ठेवला आणि पेटी व गिटार शेजारी शेजारी घेऊन बसलो. ज्यांनी गिटार हातात घेतली आहे पण आकृत्यांपलीकडे काही कळलेलं नाही, आणि ज्यांना थोडंफार सा-रे-ग-म येतं पण 'कॉर्ड' या शब्दाशी अडायला होतं, त्या दोघांसाठीही तेच इथे मांडते आहे.

बारा घरं

पेटीवर पांढरी एकपासून उजवीकडे काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीनं मोजा. सा, कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग, शुद्ध म, तीव्र म, प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल नि, शुद्ध नि. बारा झाल्या. तेरावी पट्टी पुन्हा सा, एक सप्तक वरचा.

गिटारच्या मानेवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात त्या फ्रेट, म्हणजे सतारीच्या पडद्यांसारख्याच, फक्त पक्क्या ठोकलेल्या. एक फ्रेट पुढे सरकलं की पेटीवर एक पट्टी पुढे गेल्यासारखं होतं. या एका पावलाला मी 'घर' म्हणणार आहे. बारा घरं पुढे गेलं की तार बरोबर अर्धी होते आणि दुप्पट वेगानं थरथरते. तारा बारीककडून मोजतात, सगळ्यात जाड ती सहावी. पाचवी तार मोकळी, म्हणजे कुठेही न दाबता, छेडली तर सेकंदाला ११० वेळा कंप पावते. तीच १२व्या फ्रेटवर दाबली तर २२० वेळा. स्वर तोच, सप्तक वरचं.

आता नावं. पांढरी एक म्हणजे सी. तिच्यापुढच्या पांढऱ्या पट्ट्या डी, ई, एफ, जी, ए, बी. काळी एक म्हणजे सी शार्प, सीपेक्षा एक घर वर. इथेच एक मोठा गोंधळ होतो. सी म्हणजे सा नव्हे. सी ही पेटीवरची एक ठरलेली पट्टी आहे. सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे कुठेही बसतो. आपण 'पांढरी चारमध्ये गा' म्हणतो, तेव्हा एफला सा मानतो. जागेचं नाव वेगळं आणि नात्याचं नाव वेगळं, हा फरक ध्यानात राहू द्या. शेवटी त्याची फार गरज लागणार आहे.

चार घरं, मग तीन घरं

तीन किंवा त्याहून जास्त वेगवेगळे स्वर एकदम वाजले की कॉर्ड होते. त्यातली सगळ्यात जास्त लागणारी मेजर. तिची कृती एवढीच : कुठलाही स्वर घ्या, त्याच्यापुढे ४ घरं मोजा, तिथून आणखी ३ घरं मोजा. सापासून ४ घरांवर शुद्ध ग, गपासून ३ घरांवर प. पहिल्या स्वराचं नाव तेच कॉर्डचं नाव.

डी मेजर हवी? डीपासून ४ घरं पुढे एफ शार्प, तिथून ३ घरं पुढे ए. झाली. दारात रांगोळीचा छाप कुठेही उमटवला तरी नक्षी तीच येते, तसा हा ४-३ चा छाप बारा जागी उमटतो आणि बारा मेजर कॉर्ड होतात. भाचीच्या गठ्ठ्यातली बरीच पानं इथेच कमी झाली.

पण हेच तीन स्वर का? याचं उत्तर आपल्या तानपुऱ्यातच आहे. नीट लागलेला तानपुरा शांतपणे ऐकत बसलं की गंधार, म्हणजे ग, ऐकू येऊ लागतो, आणि गंधाराची तार तर त्यावर लावलेलीच नसते. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तार छेडली की ती पूर्ण लांबीत थरथरते, पण त्याच वेळी अर्ध्यात, तिसऱ्या हिश्श्यात, चौथ्या आणि पाचव्या हिश्श्यातही थरथरत असते. अर्ध्यातून वरचा सा मिळतो, तिसऱ्या हिश्श्यातून प आणि पाचव्यातून ग. एका सामध्ये बारीक आवाजात जे आधीच चाललेलं असतं, तेच मेजर कॉर्ड मोठ्यानं म्हणते. ती कानाला इतकी सहज आणि स्थिर वाटते, त्यामागे हे आहे.

मग सहा तारा कशाला?

स्वर तीन आणि तारा सहा, हा हिशेब सुरुवातीला मलाही जुळत नव्हता. सी मेजरची आकृती तार-तार तपासली की तो जुळतो. गिटारच्या मोकळ्या तारा जाडीपासून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावलेल्या असतात. सी मेजरमध्ये पाचव्या तारेवर तिसरं फ्रेट, म्हणजे एपासून ३ घरं पुढे, सी. चौथ्या तारेवर दुसरं फ्रेट, ई. तिसरी मोकळी, जी. दुसरीवर पहिलं फ्रेट, पुन्हा सी. पहिली मोकळी, पुन्हा ई. सरगममध्ये म्हणा : सा ग प सां गं. वरच्या सप्तकात जाऊन तेच स्वर पुन्हा म्हटले आहेत. एका घरातली तीन माणसं, त्यातली दोघं दोनदा हाक मारतात.

"सहावी तार वाजवायची नाही" हा नियम सगळे शिकवतात, कारण कुणी सांगत नाही. सी मेजरमध्ये ती तार ई, म्हणजे ग. वाजली तरी परकं काही येत नाही, फक्त पाया साऐवजी गवर पडतो आणि कॉर्ड जरा अधांतरी वाटते. डी मेजरमध्ये मात्र तीच ई म्हणजे डीचा रे होतो. तो त्या कॉर्डचा सदस्यच नाही, म्हणून तिथे सहावी तार टाळावी लागते. नियम एकच, कारणं दोन. हे कळलं की चुकून तार वाजल्यावर नेमकं काय बिघडलं तेही कळतं.

एक बोट उचललं की मायनर

मायनर कॉर्डमध्ये हाच क्रम उलटा होतो : आधी ३ घरं, मग ४. म्हणजे सा, कोमल ग, प. सा आणि प जागच्या जागी, फक्त गंधार एक घर खाली.

हे बोटांना कळावं म्हणून ई मेजर धरा. तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला जे बोट आहे ते जी शार्पवर आहे, ईचा शुद्ध गंधार. ते एकच बोट उचला. तार मोकळी झाली, जी वाजला, कोमल गंधार. ई मायनर तयार. ए मेजरचं मायनर करताना दुसऱ्या तारेवरचं बोट एक घर मागे येतं, डी मेजरच्या वेळी पहिल्या तारेवरचं. दर वेळी शोधायचा तो गंधारच.

यातूनच एक जुनं कोडं सुटतं. सी मेजर इतकी सोपी, मग सी मायनर नवशिक्यांना का देत नाहीत? सी मेजरमध्ये वरचा गंधार पहिल्या मोकळ्या तारेवर आहे. मोकळी तार आणखी एक घर खाली कशी न्यायची? जाताच येत नाही. म्हणून सगळा हातच दुसरीकडे न्यावा लागतो.

मेजर आनंदी आणि मायनर दुःखी, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. शिवरंजनीतला कोमल गंधार व्याकूळ करतो हे खरं, पण मालकंसातला कोमल गंधार गंभीर आणि भारदस्त आहे, रडवा मुळीच नाही. गंधार उतरला की रंग गडद होतो, एवढंच म्हणावं. पुढचं काम चाल, लय आणि शब्द करतात.

एफ एवढी का छळते?

कित्येक जण गिटार सोडतात ती एफपाशी. तर्जनी आडवी पसरून सहाही तारा एकदम दाबायच्या, शिवाय उरलेली तीन बोटं आपापल्या जागी. यालाच बार कॉर्ड म्हणतात.

खरं तर एफ म्हणजे ई मेजरच, एक घर पुढे ढकललेली. ई मेजरमध्ये मोकळ्या तारा गिटारच्या डोक्याशी असलेल्या खाचांच्या पट्टीवर, म्हणजे नटवर, टेकलेल्या असतात. सगळा आकार एक घर पुढे नेला की नटचंही काम कुणीतरी करायला हवं. ते तर्जनी करते. दुखतं ते त्यामुळेच. पण या दुखण्याचं फळ मोठं आहे. तोच हात तिसऱ्या फ्रेटवर नेला की जी मेजर, पाचव्यावर ए, आठव्यावर सी. त्याच हातातून मधलं बोट उचललं की मायनर. एका आकारातून चोवीस कॉर्ड निघतात.

नटचं काम तर्जनीऐवजी एका चिमट्याकडून करून घेता येतं. तो कॅपो. साथीला बसलेल्यांना हा फार उपयोगी. गायिकेनं काळी चार सांगितली, म्हणजे सा जी शार्पवर. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जी मेजरच्या ओळखीच्या आकारांनी वाजवा. आकार जीचे, आवाज जी शार्पचा. कॅपो लावणं ही लबाडी आहे असं मानणारे भेटतात. पेटीवाला पट्टी बदलतो त्याला आपण लबाड म्हणत नाही.

नावापुढचे आकडे

सी सेव्हन, सी मेजर सेव्हन, डी सस फोर, सी अ‍ॅड नाइन. ही नावं बघून घाबरायला होतं, पण आकडे आपल्या सरगमचेच आहेत. सा १, रे २, ग ३, म ४, प ५, ध ६, नि ७, वरचा सा ८, वरचा रे ९.

सस फोर म्हणजे गंधार काढून त्याच्या जागी चौथा, म. डी मेजरमध्ये पहिल्या तारेवर करंगळी एक घर पुढे ठेवली की डी सस फोर झाली. म अडकून राहिल्यासारखा वाटतो, करंगळी उचलली की गवर येऊन सुटतो. अ‍ॅड नाइन म्हणजे तीन स्वर तसेच ठेवून वरचा रे घातला.

सेव्हनमध्ये मात्र एक खोच आहे आणि तिथे भले भले चुकतात. नुसतं सी सेव्हन म्हटलं तर चौथा स्वर कोमल नि असतो, सापासून १० घरांवर. सी मेजर सेव्हन म्हटलं तर शुद्ध नि, ११ घरांवर. म्हणजे 'मेजर' हा शब्द इथे कॉर्डला नसून सातव्या स्वराला लागलेला आहे. दोन्ही वाजवून बघा. सी मेजर धरून दुसऱ्या तारेवरची तर्जनी उचला, मेजर सेव्हन मिळेल, निवांत आणि मऊ. पुन्हा सी मेजर धरून करंगळी तिसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला ठेवा, सी सेव्हन मिळेल, पुढे जायला आतुर झालेली. गंमत अशी की या दुसऱ्या आकारात पंचम शिल्लकच राहत नाही, त्याच तारेवर कोमल नि बसला आहे. तरी नाव सी सेव्हनच. सा, ग आणि नि असले की कानाला ओळख पटते, पंचम नसला तरी चालतो.

एका गाण्यात ठरावीकच कॉर्ड का येतात?

बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर घ्या. प्रत्येक स्वरापासून एक सोडून एक असे तीन उचला : सा-ग-प, रे-म-ध, ग-प-नि, म-ध-सां, प-नि-रें, ध-सां-गं, नि-रें-मं. आता घरं मोजा. साच्या, मच्या आणि पच्या तिकडीत ४-३ येतं, त्या मेजर. रे, ग आणि ध यांच्यात ३-४, त्या मायनर. नि एकटी निराळी, ३ आणि पुन्हा ३. तिला डिमिनिश्ड म्हणतात, ती क्वचित लागते.

सी ला सा मानलं तर ही कुटुंबातली मंडळी म्हणजे सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी आणि ए मायनर. गिटारच्या पहिल्या वर्षात बहुतेक याच तर शिकवतात. त्या सोप्या म्हणून एकत्र येत नाहीत, त्या एकाच सप्तकाच्या लेकी आहेत म्हणून येतात.

गाणं संपताना जी सेव्हनवरून सीवर येतात, त्याचंही कारण सरगममध्ये दिसतं. जी सेव्हन म्हणजे प नि रें मं. त्यातला नि वरच्या साकडे ओढतो, म खाली गकडे. दोघं सुटून सा आणि गवर आले की घरी पोचल्यासारखं वाटतं. निषादावर थांबलेली तान ऐकताना जीव कसा टांगणीला लागतो हे आपल्याला ठाऊक आहेच. ती हीच ओढ.

आणि चाल गवर थांबली असेल तर कॉर्ड कोणती? ग तीन तिकड्यांत आहे : सीमध्ये, ई मायनरमध्ये आणि ए मायनरमध्ये. तिन्ही बरोबर. त्यातली कोणती, हे ठरवण्यातच वाजवणाऱ्याची दृष्टी दिसते.

'पण कॉर्डमधला गंधार चढा लागतो'

शास्त्रीय गाणं ऐकून तयार झालेल्या कानाची ही तक्रार अगदी रास्त आहे. तानपुऱ्यातून येणारा स्वयंभू गंधार आणि फ्रेटवरचा गंधार एक नाहीत. फ्रेट अशा हिशेबानं ठोकतात की प्रत्येक घराला स्वर सारख्याच प्रमाणात, साधारण १.०५९५ पटीनं, चढावा. त्यामुळे ४-३ चा छाप बाराही जागी सारखा बसतो. पण एका घराचे शंभर भाग केले, तर फ्रेटवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा जवळजवळ १४ भाग चढा राहतो. पंचमात फरक फक्त २ भागांचा, म्हणून तो खुपत नाही.

तार जरा उतरवून हे दुरुस्त करता येईल का? करून बघा. ई मेजर गोड लागावी म्हणून तिसरी तार किंचित उतरवलीत, की ए मेजर धरल्यावर त्याच तारेवरचा सा उतरलेला लागेल. एकीचं भलं करायला गेलं की दुसरी बिघडते. पेटीवरही मुळात हाच आक्षेप होता. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर घातलेली बंदी १९७१पर्यंत टिकली, तिच्यामागे पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही आणि तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, ही कारणं होती. आक्षेप खोटा नव्हता. बारा जागी फिरण्याची मुभा हवी असेल तर त्याची किंमत गंधारानं मोजायची असते.

'आपल्या संगीतात कॉर्ड नाहीतच, मग रागाच्या चालीला त्या कशा लावणार?'

लावल्या गेल्या आहेत, आणि त्यात गोव्याचा वाटा फार मोठा आहे. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि वाद्यं वाजवायला शिकवत. तिथून तयार झालेले वादक मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा हे त्यातलेच. रागातून आलेल्या चालींखाली कॉर्ड बसवण्याचं काम अशा लोकांनी वर्षानुवर्षं केलं.

अडचण खरी कुठे येते ते मालकंस घेऊन पाहू. सा ठेवू पांढरी तीनवर, म्हणजे ई. कोमल गंधार आहे, तर ई मायनर लावावी असं कुणालाही वाटेल. पण ई मायनरमध्ये बी आहे, तो ईचा पंचम, आणि मालकंसात पंचम वर्ज्य. ती एक कॉर्ड वाजली की मालकंस संपला. पुस्तकातला नियम लावून रागाचा जीव जातो तो असा.

मग रागाच्या पाच स्वरांतच तिकड्या शोधायच्या : ई, जी, ए, सी, डी. घरं मोजा. ए-सी-ई, म्हणजे म, कोमल ध, सां : ३-४, ए मायनर. सी-ई-जी, म्हणजे कोमल ध, सां, कोमल गं : ४-३, सी मेजर. याशिवाय तिसरी तिकडी निघत नाही.

आता सा सीवर ठेवून भूप घ्या. सा रे ग प ध, म्हणजे सी, डी, ई, जी, ए. तेच पाच स्वर! भूपाच्या गंधाराला सा मानलं की मालकंस होतो, याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. भूपातही दोनच तिकड्या सापडतात : सी मेजर आणि ए मायनर.

भाचीला मी म्हटलं, सहावी तार मोकळी सोड, तिचा ई वाजत राहू दे, आणि त्यावर ए मायनर व सी मेजर सावकाश छेड. मी वरून मालकंसाचे आलाप घेतले. मग तिला म्हटलं, आता सहावी तार बंद कर, पाचव्या तारेवरचा सी जोरात येऊ दे, सीवर जास्त वेळ थांब. मी भूप धरला. तिची बोटं त्याच दोन आकारांत फिरत होती, पहिल्या आठवड्यात शिकलेल्या. तिनं मान वर केली आणि विचारलं, "मावशी, मी तर काहीच बदललं नाही, मग राग कसा बदलला?"

"सा बदलला," मी म्हटलं, आणि तिनं पुन्हा सहावी तार सोडली.